किनाऱ्यावरून आणलेले जीव टाकीत तगत नाहीत? मेलं कधी, ते आधी सांगा

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून शंख, खेकडे, समुद्रफुलं (सी ॲनिमोनी, खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे प्राणी) आणायची, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायची आणि आठवड्याभरात एकेक मेलेला जीव बाहेर काढायचा. हे ज्यांच्याकडे दर खेपेला घडतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा वेळी लोक टाकीचे फोटो पाठवतात, फिल्टरचं मॉडेल सांगतात. मला आधी एवढंच हवं असतं: आणल्यापासून किती वेळाने मेलं? तासाभरात, पहिल्या रात्री, दोन-चार दिवसांनी, की महिन्याने? या चारही वेळांची कारणं निराळी असतात. ती न बघता पाणी बदलत राहणं आणि बाटलीतली औषधं ओतत राहणं म्हणजे निव्वळ आंधळी कोशिंबीर.

त्याला जोडून दुसरा प्रश्न: वाचलं कोण? मासे निवांत आहेत, पण शंख, खेकडे, कोळंब्या एकामागून एक गेल्या, तर पहिला संशय तांब्यावर घ्या. माशांच्या परजीवींवरची बरीच औषधं तांब्याची असतात आणि ज्या मात्रेत मासा बरा होतो त्याच मात्रेत बिनकण्याचे बहुतेक जीव मरतात. असं औषध एकदा पडलं की टाकीतले चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे कित्येक दिवस थोडं थोडं सोडत राहतात. टाकी किंवा दगड कुणाकडून वापरलेले घेतले असतील तर हे विचारून घ्या. उलट, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताहेत आणि शंख जागच्या जागी चरताहेत, तर ऑक्सिजन किंवा अमोनिया तपासा. लहानमोठे सगळेच एका दमात गेले असतील तर क्लोरीन, खोलीत मारलेला कीटकनाशकाचा फवारा, हाताला लागलेलं सनस्क्रीन किंवा साबण, असलं काहीतरी पाण्यात गेलंय. अशा वेळी निम्मं पाणी बदला, ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि वाचतील तेवढे जीव वेगळ्या भांड्यात हलवा.

पहिल्या काही तासांत मेलं तर

बहुतेक वेळा खारटपणाचा धक्का असतो. मोकळ्या समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) खारट असतं, म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. खडकातलं डबकं मात्र समुद्रापासून काही तास तुटलेलं असतं. पाऊस पडून गेला असेल तर तिथे २५ सुद्धा भरेल आणि कडक उन्हात आटत आटत ४० च्या वर जाईल. तारामासा आणि अर्चिन (काटेरी चेंडूसारखा समुद्री जीव) यांच्या अंगात बाहेरच्या पाण्याइतकंच खारट पाणी असतं आणि ते सांभाळायची फारशी सोय त्यांच्याकडे नसते. बाहेरचा आकडा झटक्यात बदलला की पेशी फुगतात किंवा आक्रसतात. तारामाशाचे नळीसारखे बारीक पाय पाण्याच्या दाबावरच चालतात, त्यामुळे त्याचं बिघडलं की आधी पकड सुटते. काचेवर चढवलेला तारामासा घसरून खाली पडला, बाहूंची टोकं वर वळली, तर तो हातचा जायला लागला असं समजा. एक-दोन दिवसांत अंगावर पांढरे चट्टे येतात आणि तिथून तो विरघळत जातो. म्हणजे धक्का बसतो पहिल्या तासात आणि मृत्यू दिसतो परवा. तारामाशाच्या बाबतीत माझं ‘किती वेळाने मेलं’ हे कोष्टक इथे थोडं फसतं, तेवढं लक्षात असू द्या.

उपाय सोपा आहे, पण तो किनाऱ्यावरच सुरू करावा लागतो. डबक्याचा खारटपणा आणि तापमान जागेवर मोजा. घरी टबात त्याच आकड्याचं पाणी करून ठेवा, जीव आधी त्यात सोडा आणि मग विशिष्ट गुरुत्वात रोज ०.००१ ते ०.००२ एवढा फरक करत टाकीच्या आकड्याला आणा. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्तातला खरा, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो भलताच आकडा दाखवतो.

पाणीही समुद्राचंच आणत असाल तर बंदराच्या आतलं कधीच नको. बोटींच्या तळाला जो रंग लावतात त्यात तांबं असतं, कारण तिथे बार्नॅकल (खडकांना, बोटींना घट्ट चिकटणारे कवचाचे बारीक जीव) आणि शेवाळ धरू नये हेच त्या रंगाचं काम. त्याआधी वापरात असलेलं ट्रायब्युटिल टिन आणखी विषारी होतं. २००८ साली त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. नदीच्या मुखापासून, नाल्यांपासून लांबचं पाणी भरतीला भरा आणि आणल्याबरोबर वापरा. झाकण लावून दोन दिवस ठेवलेल्या कॅनमध्ये आतले सूक्ष्मजीव मरून कुजतात. साठवायचंच असेल तर अंधारात, हवेचा पंप लावून, दोन-तीन आठवडे ठेवा आणि वरचं नितळ तेवढंच घ्या.

बादलीतला प्रवास

माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथे जातात आणि सगळ्यात कमी लोक इकडे बघतात. टाकीला दोष दिला जातो, पण जीव टाकीत पोचला तेव्हाच अर्धमेला असतो.

२५ अंशाच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात फार तर पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात सव्वाआठ मावतो. पाणी ३० अंशाला गेलं की समुद्राच्या पाण्याची कुवत सव्वासहावर येते आणि त्याच वेळी जीवांची श्वासाची गरज वाढलेली असते. आता त्या बादलीत दहा शंख, चार खेकडे, दोन मासे आणि स्पंज चिकटलेला एक दगड कल्पून पाहा.

हा प्रश्न जुनाच आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि सुमारे तीन वर्षं जगवले. त्या काळी हवेचे पंप कुठले! त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. आज बॅटरीवरचा हवेचा पंप खिशात मावतो. तो नसेल तर बादलीभर जीव घेऊन निघू नका.

पंप लावूनही मरतात, त्याचं कारण मात्र चटकन लक्षात येत नाही. बंद डब्यात किंवा पिशवीत दोन गोष्टी साचतात: श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि जीवांच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया. कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे ते आम्लाकडे झुकतं, आणि कमी पीएचला अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या मवाळ रूपात राहतो. ७ पीएचला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, ८.२ ला सात-आठ टक्के. घरी येऊन आपण पिशवी उघडतो, हवा सोडतो आणि ‘हळूहळू सवय होऊ दे’ म्हणून तासभर टाकीचं पाणी थेंबथेंब टाकत बसतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि साचलेला सगळा अमोनिया त्याच पिशवीत जागा होतो. काळजी घेऊनच आपण त्याला मारतो.

म्हणून प्रवास तासाभरात संपला आणि पंप चालू होता, तर थेंब पद्धत चांगली. पिशवी तासन्‌तास बंद होती, तर टबातलं पाणी आधीच पिशवीच्या खारटपणाला आणि तापमानाला जुळवून ठेवा, पिशवी उघडा आणि जीव लगेच उचलून टबात टाका. पिशवीतलं पाणी टबात वा टाकीत ओतायचं नाही.

आणि सगळ्यांना पाण्यातून आणायची गरजही नसते. भरतीच्या वरच्या रेषेजवळचे खेकडे आणि शंख रोज काही तास पाण्याबाहेर काढतातच. त्यांना ओल्या शेवाळात गुंडाळून, गार डब्यात, झाकणाला भोकं ठेवून आणा. कल्ले ओले राहिले की त्यांना पुरतं, आणि खराब व्हायला पाणीच नसतं. मासे, कोळंब्या, अर्चिन, समुद्रफुलं यांना मात्र पाणी हवंच, आणि खेकड्याबरोबर एका डब्यात तर कुणालाच ठेवू नका.

पहिल्या रात्री

सकाळी टाकीत जीव दिसत नसेल तर आधी जमिनीवर बघा. वरच्या खडकांवरचे शंख आणि खेकडे पाण्याबाहेर चढणारच, ती त्यांची सवय आहे. घट्ट जाळीचं झाकण हाच उपाय. समुद्रफूल गायब असेल तर पंपाचं तोंड तपासा. नवीन समुद्रफूल जागा शोधत सरकत जातं आणि पंपात ओढलं गेलं की सगळ्या टाकीत तुकडे होऊन फिरतं. पंपाच्या तोंडाला स्पंज बसवा. जागच्या जागी मेलेले असतील आणि टाकीत शेवाळ भरपूर असेल, तर रात्रीचा ऑक्सिजन कमी पडला असणार, कारण दिवे गेले की शेवाळसुद्धा ऑक्सिजन खायला लागतं.

जाता जाता एक सावधगिरी. शंखखेकडा (शंखात राहतो तो) मेला असं समजून लोक घाईने काढून टाकतात. बाहेर पडलेला देह उचलून पाहा. तो पोकळ, हलका, पारदर्शक असेल आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या काचेसारख्या टोप्या असतील, तर ती कात आहे. खेकडा मऊ अंगाने शंखात आत दडून बसलाय, त्याला तसाच राहू द्या. मेलेल्याला नाकाशी न्यावंही लागत नाही, वास हातभरावरून येतो. गोगलगायीसारख्या शंखाचं मात्र दार बघा: दाराला हात लावल्यावर ते घट्ट मिटलं तर जिवंत, लोंबकळत राहिलं तर तासाभरात बाहेर काढा. मोठा एक शंख कुजला तर लहान टाकीतलं सगळं पाणी नासवतो.

दोन ते पाच दिवसांनी

आता टाकीचा दोष. नवीन टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू पुरेसे तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले जीव स्वतःच्याच घाणीत मरतात. जुनी, स्थिर टाकी असूनही हे होतं, कारण आपण जीव आणतो तेव्हा त्याच्याबरोबर दगड आणतो, आणि दगडावर स्पंज, बार्नॅकल, बारीक कालवं चिकटलेली असतात. बराचसा स्पंज हवेत निघाला की टिकत नाही. तिसऱ्या दिवशी तो करडा पडतो, त्यावर पांढरी बुरशीसारखी साय धरते आणि टाकीचं अमोनिया तपासायचं किट हिरवं व्हायला लागतं, म्हणजे अमोनिया वाढलेला असतो. तुम्ही मेलेला खेकडा बघता, खरा अपराधी दगडाच्या खालच्या बाजूला असतो.

दगड उपडा करा, वास घ्या, मऊ पडलेलं सगळं दाताच्या जुन्या ब्रशने वेगळ्या बादलीत खरवडून काढा. ३० ते ५० टक्के पाणी बदला. अमोनिया बांधणारं औषध टाकलं असेल तर काही किट त्यानंतरही जुनाच आकडा दाखवतात, त्याने घाबरून पुन्हा औषध ओतू नका. नायट्राइटचा आकडा बघून झोप उडवायचंही कारण नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट गोड्या पाण्याइतकं अंगात शिरत नाही. सगळं लक्ष अमोनियावर ठेवा.

समुद्रफूल याच सुमारास चिकट लगदा होऊन मेलं, तर ते काढताना तळवा फाटला होता. हे जवळजवळ खात्रीने सांगता येतं. नखाने किंवा सुरीने खरवडून काढलेल्या समुद्रफुलाच्या तळव्याला बारीकशी चीर पडते, ती दिसत नाही, पण तिथून ते सडत जातं. मरायला टेकलेलं ओळखता येतं: तोंड आ वासलेलं, आतला भाग बाहेर आलेला, प्लास्टिकची काडी लावली तरी बोटं तिला चिकटत नाहीत, आणि अंगावरून तपकिरी तंतू सुटताहेत. लहान दगडासकट उचलता आलं तरच घ्या. कातळालाच धरून बसलं असेल तर त्याचा नाद सोडा.

तीन आठवड्यांनी आणि पुढे

इथे दोनच मुख्य कारणं: भूक आणि तापमान. भूक फसवी असते, कारण हे जीव हळूहळू मरतात. शिंपले, कालवं, बार्नॅकल पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात, आणि आपल्या फिल्टरचं सगळं काम ते कण काढून टाकण्याचंच. नाजूक रंगीत समुद्री गोगलगायी, ज्यांना न्युडिब्रँक म्हणतात, त्यातल्या बहुतेक एकाच प्रकारच्या स्पंजावर किंवा हायड्रॉइडवर (समुद्रफुलाच्या नात्यातले, रोपट्यासारखे दिसणारे बारीक जीव) जगतात. ते खाणं कुठून आणणार? सुंदर दिसतात म्हणून आणलेल्या जीवांत यांचा नंबर पहिला, आणि जगण्यात शेवटचा. तारामासा काही महिने काढतो, पण आकार घटत जातो. अर्चिन टाकीतलं शेवाळ फस्त करतो आणि मग उपाशी राहतो. त्याचे काटे गळायला लागले तर वाळवलेलं समुद्री शेवाळ द्या आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची कुवत, डीकेएच या एककात मोजतात) ८ ते १२ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे ना ते तपासा. शंखखेकड्यांना थोडे मोठे रिकामे शंख हवेतच, नाहीतर ते जिवंत शंखाला मारून त्याचं घर घेतात.

तापमानाचं असं की थंड समुद्रातला जीव २५-२६ अंशाच्या टाकीत आठवडे काढतो, खातोही, आणि मग कारण न सांगता मरतो. जिथून आणलं तिथलं समुद्राचं पाणी वर्षभर १५ अंशाच्या आसपास असेल तर चिलरशिवाय (पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) त्या वाटेला जाऊ नये.

मधूनच एखादा शंख रिकामा सापडत असेल, दर दोन-तीन रात्रींनी एक, तर आजार शोधू नका, शिकारी शोधा. दगडाच्या भोकात बसून तुमच्याबरोबर आलेला खेकडा किंवा मँटिस श्रिम्प (जोरदार फटका मारणारा कोळंबीसारखा शिकारी) असतो. दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशाची टॉर्च लावून बसा. लाल उजेड खेकड्याला फारसा दिसत नाही. खेकड्याच्या नांग्यांची टोकं बोथट, चमच्यासारखी असतील तर तो शेवाळ खाणारा, टोकदार असतील तर त्याला बाहेरचा रस्ता. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत माशाचा तुकडा टाका, बाटली वाळूत आडवी ठेवा. बहुतेक वेळा सकाळी सापडतो. मँटिस श्रिम्पला हाताने धरू नका, बोट फोडतो.

काय आणावं, काय सोडावं

जीव किनाऱ्यावर जितका वर राहणारा, तितका टाकीत चिवट. वरच्या डबक्यांतले जीव ऊन, पाऊस, कोरड सगळं सोसून असतात. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला जो पट्टा जेमतेम उघडा पडतो तिथले जीव सर्वांत देखणे, पण त्यांना कायम एकसारखं पाणी लागतं. सुरुवात वरच्यांपासून करा: शेवाळ चरणारे लहान शंख, शंखखेकडे, डबक्यातल्या कोळंब्या. एका वेळी दोन-तीनच, आणि उचललेला दगड होता तसाच पालथा ठेवा, कारण त्याच्या पोटाशी राहणारे जीव उन्हात तासभरही टिकत नाहीत.

शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत कोन शंख उचलूच नका. त्याचा विषारी दात कापडाच्या पिशवीतूनही लागतो आणि त्याच्या काही जातींनी माणसं मारली आहेत. निळ्या कड्यांचा चिमुकला ऑक्टोपसही तसाच. समुद्री काकडी घाबरली की आतडी बाहेर टाकते आणि काही जातींचं विष टाकीतले सगळे मासे मारतं. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण आहे, आणि राखीव किनाऱ्यावरून तर रिकामा शंख उचलणंही गुन्हा ठरू शकतं. जायच्या आधी तिथले नियम वाचा, परवाना लागत असेल तर तो काढा.

जे आणाल ते चार ते सहा आठवडे वेगळ्या टबात ठेवा. क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा परजीवी, दगडावर आणि शंखावर कोष करून येतो. तो मुख्य टाकीत शिरला तर मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची वेळ येते.

आणलेला जीव जमत नाही असं दिसलं तर? तो अजून त्याच बादलीत, त्याच पाण्यात असेल, तर त्याच दिवशी त्याच डबक्यात परत ठेवा. एकदा टाकीचं पाणी लागलं की समुद्रात सोडू नका, इतर माशांचे रोग त्याच्याबरोबर जातात. कॉलर्पा शेवाळाची एक जात १९८४ मध्ये मोनॅकोजवळ मत्स्यालयाच्या पाण्यातून समुद्रात पसरली आणि भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टरांत माजली. खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्या दुसऱ्या कुणाला तो जीव द्या. बदललेलं पाणीसुद्धा किनाऱ्यावर किंवा पावसाच्या गटारात न ओतता घरच्या सांडपाण्याच्या नळीत जाऊ द्या.